पडवीतला कॉम्प्युटर

"हिला आत नको. मशीन बाहेर आणा," काकी म्हणाल्या.

दोन गडी माजघरात गेले. एकाने टीव्हीसारखं ते वरचं धूड उचललं, दुसऱ्याने खालचा डबा. वायरी जमिनीवरून घासत येत होत्या. आप्पा मागून ओरडत होते, "अरे सांभाळून! आपटाल मेल्यांनो!" पडवीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. त्यातल्या चार रचल्या, त्यावर कॉम्प्युटर मांडला. खिडकीच्या गजांतून वायर आत घेऊन माजघरातल्या प्लगला लावली. मला बसायला गोणपाट टाकलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर मी चार पावलं आत जाऊ नये म्हणून.

मी पडवीपुढच्या अंगणात, खळ्यात उभी राहून बघत होते. बावीस वर्षांची. पायात स्लिपर, हातात वही. नवंकोरं मशीन धुळीत मांडतील, पडून फुटायची भीती पत्करतील, पण उंबरठा ओलांडू देणार नाहीत. वा रे वा! आणि मी काय केलं? गोणपाटावर मांडी घालून बसले आणि कॉम्प्युटर चालू केला. त्यांनी जे केलं त्याचा राग येतोच. मी बसले याचा जास्त येतो.

का बसले ते सांगते.

रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर आमचं गाव. गावाच्या शेवटाला सड्यावर, कातळाच्या माळावर आमची बौद्धवाडी. आप्पा गावचे जुने खोत, काकी त्यांची बायको. खोती कायद्याने कधीच गेली, पण आप्पांच्या तोंडातून गेली नाही. हापूसच्या बागा त्यांच्या. माझी आई वीसेक वर्षं त्यांच्याकडे पेट्या भरायला होती. पेंढा अंथरायचा, आंबा हातात घेऊन देठाकडून बघायचा, एकसारखे आंबे निवडून थर लावायचे. आईने हाताळलेला तो आंबा मुंबईला जायचा, लोक देवापुढे ठेवायचे. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. घरात आम्ही दोघीच.

कॉलेजची दोन वर्षं मी कशीबशी केली, तिसरं राहिलं. शहरात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. एका क्लासचा जिना चढले, फी ऐकली, जिना उतरले. खाली रस्त्याच्या पलीकडे अन्वरभाईंचा सायबर कॅफे. अन्वरभाई मांडवीचे. बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले. तीन मशीनं, मध्ये प्लायवूडचे आडोसे, दारावर पडदा. त्यांच्याकडे बायका यायच्या, नवरे दुबईला, कुवेतला. त्यांना ईमेल करता यायचं नाही. अन्वरभाई कंटाळलेले. मला म्हणाले, "बेटा, टायपिंग येतं ना? या भाभीलोकांची पत्रं लिहून दे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा एक मशीन तुझं."

मग मी दुसऱ्यांची पत्रं लिहू लागले. 'छपराचं काम झालं. अम्मीची तबियत बरी आहे. तुम्ही कधी येता?' सगळं इंग्रजी अक्षरांत. बाई शेजारी स्टुलावर बसून सांगायची आणि मध्येच गप्प व्हायची. मी थांबायचे. स्क्रीनकडे बघत दोघी बसून राहायचो. मला पत्र लिहिणारं जगात कुणी नव्हतं.

एके दुपारी इंटरनेटवर एक कोर्स दिसला. वेबपेज बनवायला शिका, फुकट, दर सोमवारी ईमेलने धडा. फॉर्म भरायला घेतला. पहिलं नाव लिहिलं. पुढे आडनावाची चौकट. तिथे माझा हात थांबला. आमच्याकडे आडनाव विचारतात ते नाव कळावं म्हणून विचारत नाहीत. शाळेत, बँकेत, भाड्याने खोली बघताना, सगळीकडे आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा वायच हलतो. ते हलणं मला लहानपणापासून पाठ. पण चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. भरली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'तुझं स्वागत आहे. हा पहिला धडा. काही अडलं तर विचार. हेलन.' बस. पुढचा प्रश्नच नाही. मी ते पत्र चार वेळा वाचलं. तेव्हा वाटलं, सुटले.

घरी कॉम्प्युटर कुठला! मी धडे वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी कागदावरच सराव करायचे. अख्खं वेबपेज हाताने लिहायचं. प्रत्येक खूण, म्हणजे टॅग, उघडली ती बंद केली का, बोट ठेवून तपासायचं. वही संपली की आंबे गुंडाळायच्या रद्दीच्या कोऱ्या कडांवर लिहायचं. एक खूण चुकली तर दुसऱ्या दिवशी कॅफेतला माझा तास फुकट जायचा. विचारायला माणूस नाही. डिक्शनरी लावून इंग्रजी वाचायचं, न कळलेलं परत वाचायचं. माझ्या वयाच्या वाडीतल्या मुली लग्न होऊन गेलेल्या. उरलेल्या मला हसायच्या. "ही काय मंत्र लिहिते गो?" त्यांना सांगणार काय? मी जे शिकत होते त्याचं नावसुद्धा आमच्या बोलीत नव्हतं.

चौथ्या धड्याला हेलनने लिहिलं, फार छान. मी कॅफेतून बाहेर आले. हे कुणाला तरी सांगायचं होतं. एसटी स्टँडवर शेकडो माणसं, एकालाही सांगता येईना. घरी येऊन आईला म्हटलं, "मास्तरणीने शाबासकी दिली."

"खयची मास्तरीण?"

"इंटरनेटवरची."

"ऱ्हाते कुठं?"

"माहीत नाही."

"कशी दिसते?"

"माहीत नाही."

आई चुलीत फुंकर घालत म्हणाली, "बरी आहेस ना गो तू?"

हसू आलं मला. मग रडूही आलं. आईला दोन्ही दिसलं नाही, धूर होता.

शेवटचं काम असं होतं: एखाद्या खऱ्या धंद्याची पाच पानांची वेबसाइट करायची, विषय आधी कळवायचा, नंतर बदलायचा नाही, आणि मालकाच्या सहीचं परवानगीपत्र जोडायचं. तरच सर्टिफिकेट. नेमकं त्याच सुमाराला आप्पांनी कॉम्प्युटर घेतला. दलाल सोडून थेट आंबा विकायचं त्यांच्या मनात होतं. आईला म्हणाले, "तुझी पोरगी ते इंटरनेटचं शिकते म्हणे? पाठव." आईने सहीचं काढलं तर म्हणाले, "सही काय, दहा देतो." मी लगेच हेलनला विषय कळवला, आप्पांची बाग. मला मशीन मिळणार होतं. रोजचे दोन-तीन तास. सर्टिफिकेट मिळालं तर शहरात नोकरी मागता आली असती. म्हणून गोणपाटावर बसले. भूक लागलेल्या माणसाला पान कुठे मांडलंय ते दिसत नाही म्हणतात. खोटं आहे. दिसतं.

आठ दिवस गेले. रोज गडी मशीन बाहेर आणायचे, मी गेल्यावर आत न्यायचे. मी मान मोडून काम करत होते. बागेची माहिती, कलमं कशी बांधतात, आंबा कसा उतरवतात, पेटी कशी भरतात. पेटीचं पान लिहिताना आईलाच विचारून लिहिलं. चार पानं झाली, फ्लॉपीवर घेतली. काम चांगलं होत होतं, मला कळत होतं. पाणी लागलं तर काकी वरून ओंजळीत ओतायच्या. तेही मी प्यायले.

नवव्या दिवशी कीबोर्ड चालेना. काही अक्षरं उठतच नव्हती, काही एकदा दाबली की दहादा उठायची. मी आप्पांना बोलावलं. आप्पांच्या मागून काकी आल्या.

"बिघडवलंस ना?" काकी म्हणाल्या. "मी म्हणतच होते."

आप्पा म्हणाले, "तुमच्या हाताला कोयता बरा. हे नव्हे. कुणी सांगितलं होतं तुला नसते धंदे?"

चोराच्या उलट्या बोंबा कशाला म्हणतात ते मला पुढच्या मिनिटाला कळलं. मी कीबोर्ड उचलून पालथा केला. थेंब पडले. पिवळट. आणि वास आला. गोठा असलेल्या गावात वाढलेल्या पोरीला तो वास ओळखायला कोर्स करावा लागत नाही. गोमूत्र. मी गेल्यावर रोज त्या मशीनवर गोमूत्र शिंपडून मग ते आत नेत होते. आठ दिवस. माझी बोटं लागलेल्या एकेका अक्षरावर.

मग मी विचारलं, "काकी, यावर काय शिंपडता?"

काकी आप्पांकडे बघू लागल्या.

"मी विचारते काय शिंपडता?"

"आमच्या घरात आम्ही काय करायचं ते तू सांगणार?" आप्पांचा आवाज चढला. "काकींची माफी माग. आत्ता. मग सहीचं बघू."

आई खळ्यात पेट्या भरत होती. ती उठून धावत आली. हाताला पेंढ्याची कुसं लागलेली. पडवीच्या पायरीखाली थांबून तिने हात जोडले. "आप्पा, पोर हाय. चुकली. पदरात घ्या."

माझी आई. जिने त्या कीबोर्डला कधी बोटही लावलं नाही, ती त्याच्यासाठी हात जोडत होती. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती मला. मी जाऊन तिचे जोडलेले हात सोडवले. धरूनच सोडवले, कारण ती सोडेना.

"आई, आपण काही मोडलेलं नाही," मी म्हटलं. मग वर बघून म्हणाले, "आप्पा, मी माफी मागणार नाही. पाण्याने बिघडलंय, आणि पाणी मी घातलेलं नाही."

"मग सही विसर. ती फ्लॉपी ठेव इथे."

"नाही ठेवणार."

फ्लॉपी वहीत घालून मी खळ्यातून चालू लागले. धीट-बीट काही नव्हते मी. मागून आप्पा काय काय बोलत होते ते सगळी बाग ऐकत होती. गडी पाठ फिरवून कामाला लागले. आमच्या वाडीतल्या चार बायका तिथेच पेट्या भरत होत्या, त्याही खाली बघून आंबे निवडत राहिल्या. त्यांना दोष देत नाही. पण ते मी विसरलेही नाही.

आईचं काम दुसऱ्या दिवशीच सुटलं. भर हंगामात. ती पहाटे उठून पलीकडच्या गावातल्या बागेत चालत जाऊ लागली. संध्याकाळी पाय चेपत बसायची. मी चेपायला गेले तर पाय ओढून घ्यायची.

एकदा म्हणाली, "दोन शब्द बोलली असतीस तर तुझी जीभ झिजली असती? मी वीस वर्षं बोलले."

"म्हणूनच नाही बोलले."

"माझं म्हातारपण तुझ्या हट्टावर का गो?"

आईचं म्हणणं बरोबर नव्हतं, पण ती चालत जात होती आणि मी बसून होते, हे खरं.

मग मी हेलनला लिहिलं. परवानगीपत्र का मिळत नाही ते सगळं लिहिलं. इंग्रजीत जमेल तसं. पडवी, विटाळ, गोमूत्र, आईचे हात. डिक्शनरीत जात या शब्दाला शब्द होता, पण तो वाचून काहीच होत नव्हतं. तरी लिहिलं. जगात तीच एक होती जिला माझं काम माहीत होतं. दोन दिवस मी सारखी पडद्यामागे डोकावून मशीन मोकळं आहे का बघत होते. अन्वरभाई म्हणाले, "कुणाच्या खताची, चिठ्ठीची वाट बघतेस, बेटा?" मी म्हटलं, "मास्तरणीच्या."

उत्तर आलं. 'तुझं पत्र वाचून वाईट वाटलं,' हेलनने लिहिलं होतं. 'तुला आत का बसता आलं नाही ते मात्र मला नीट कळलं नाही. घर फार लहान होतं का? एक सल्ला देते. धंद्यात गिऱ्हाइकाचं मन राखावं लागतं. चूक आपली नसली तरी सॉरी म्हणून टाकावं. छोटंसं पत्र लिही, सही घे. तू माझ्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यांपैकी आहेस. सर्टिफिकेट हुकवू नकोस.'

घर फार लहान होतं का?

मी पुन्हा वाचलं. रागच येईना. ती बाई चांगली होती. मनापासून लिहिलं होतं तिने. तिला माझ्या आडनावातून काही कळत नव्हतं म्हणून मी इतके महिने मोकळी होते, आणि काही कळत नव्हतं म्हणूनच ती आता मला काकींच्या पायाशी पाठवत होती. पलीकडच्या आडोशात एक बाई फोनवर हसत होती. मी एवढी एकटी ना त्या आधी कधी होते, ना नंतर कधी झाले. आई म्हणते माफी माग. खोत म्हणतात माफी माग. सात समुद्रांपलीकडची मास्तरीण म्हणते माफी माग. सगळं जग एका बाजूला आणि मी खुर्चीवर.

हो, खुर्चीवर. कॅफेतल्या खुर्चीवर ताठ बसून मी उत्तर लिहायला घेतलं. एरवी तिला लिहिताना मी आधी वहीत कच्चं लिहायचे, चुका तपासायचे. त्या दिवशी नाही तपासलं. व्याकरण चुकलं असेल. लिहिलं ते असं:

'बाई, घर लहान नव्हतं. गावातलं सगळ्यात मोठं घर होतं. मी माफी मागणार नाही. त्यांचा धाक म्हणून नाही आणि तुमचा सल्ला म्हणूनही नाही. सर्टिफिकेट देऊ नका. मला जे येतं ते मला येतं. तुमचा पुढचा कोर्स सुरू होतोय असं वाचलं. त्याचा पहिला धडा पाठवा.'