माझ्या तोंडचं ‘हाय’

पुण्यात बावधनच्या एका दवाखान्यात मी स्पीच थेरपिस्ट आहे. लकव्यानंतर ज्यांची वाचा गेली, अशी माणसं माझ्याकडे येतात. मागच्या वर्षी जवळच्याच चांदे गावचे एक आबा येऊ लागले. उजवा हात लुळा, पाय जरा ओढत चालायचे, पण डोळे लख्ख. बरोबर त्यांची बायको. मोठं बागायतदाराचं घर. आता मळ्यात खोल्या बांधून आयटीतल्या मुलामुलींना भाड्याने दिल्या होत्या.

मी चित्रं दाखवायचे. तांब्या, कुलूप, विळा. “काका, हे काय आहे?” आबा चित्राकडे बघायचे, मग माझ्या ओठांकडे, मग भिंतीकडे. शब्द यायचा नाही. बरेच दिवस असेच गेले.

“घरी काही बोलतात का?” मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं.

“शिव्या देत्यात की,” त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या. “त्या मातुर नीट येत्यात.”

मी हसले. शिव्या, अंक, देवाचं नाव, हे बऱ्याचदा शिल्लक राहतं. पण त्या दिवशी माझ्या मनात दुसरंच आलं. या माणसाने आयुष्यात विळ्याला ‘इळा हाय’ सोडून कधी ‘हा विळा आहे’ म्हटलं असेल का? मी त्यांना त्यांचे गेलेले शब्द परत आणायला सांगत होते, की माझे?

आणि आबांच्या घरची ती बोली तर माझीच होती. मी माले गावची, माल्याची. पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्याला आमचं घर. कॉलेजसाठी पुण्यात आले तेव्हा ‘पानी’ म्हटलं की होस्टेलच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. कोणी वाईट बोललं नाही, नुसतं बघायच्या. मी बाथरूममध्ये नळ सोडून ‘ण’ घोटला. वर्षभरात जीभ बदलली. जुनी बोली उरली ती फक्त आईबरोबर, फोनवर. “जेवलीस का?” असं मी तिला कधी विचारलं नाही, “ज्येवलीस का गं?” असंच विचारलं. आई जाऊन आता काही वर्षं झाली. भाऊ-वहिनी गावात आहेत, पण माझ्याशी बोलताना दोघंही जपून ‘आहे’ म्हणतात. वहिनी तर ‘चहा घेणार का’ म्हणते, पाहुण्याला विचारावं तसं. मी ‘च्या दे की’ म्हटलं तर ती थोडी हसते आणि कप-बशीच काढते.

तर दुसऱ्या दिवशी मी खुर्ची आबांच्या जवळ ओढली, कुलपाचं चित्र धरलं आणि म्हणाले, “आबा, ह्ये काय हाय? सांगा की वो.”

आबांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी चित्रं टेबलावरून ढकलून दिली. ओठ थरथरले.

“नकला... करतीया!”

तेवढं स्पष्ट वाक्य ते माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी खाली वाकून चित्रं गोळा करत राहिले.

“रागवू नगा म्याडम,” त्यांची बायको घाईघाईने म्हणाली. “वरल्या खोलीतली पोरं यांच्यावानी बोलून दावत्यात अन् हसत्यात. तसंच वाटलं त्यास्नी.”

“मी हसत न्हवते हो,” मी म्हणाले. “मी माल्याची हाय. आमच्यात असंच बोलत्यात.”

बाईंनी मला नीट पाहिलं. इस्त्रीचा पांढरा कोट, गळ्यातलं ओळखपत्र, कापलेले केस.

“व्हय का?” त्या हळूच म्हणाल्या. “वाटत न्हाई.”

त्यांची चूक नव्हती. समोर कोण बसलंय हे माणूस आधी ठरवतो, शब्द मागून ऐकतो. तेच ‘हाय’ त्यांच्या तोंडी घरचं होतं, माझ्या तोंडी टवाळी. शिवाय मलाही आतून कळलं होतं, माझा हेल कच्चा पडला होता. इतक्या वर्षांत त्या बोलीत माझ्याशी भांडलं, हसलं, ओरडलं कोण होतं?

मी आबांची माफी मागितली, शहरी मराठीत. ते निवळले. त्यानंतर मी चित्रं बाजूला ठेवली आणि त्यांच्या बायकोला सांगितलं, घरातल्याच वस्तू हातात द्या, तुमच्या पद्धतीने विचारा, उत्तराची घाई करू नका. त्यांनी ते मनापासून केलं. आबा सुधारत गेले. आधी एकेक शब्द, मग दोन-दोन.

शेवटच्या भेटीत मी सहज माझी किल्ली टेबलावर ठेवली. “हे काय आहे काका?”

आबांनी श्वास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. शब्द वर चढवताना होणारे कष्ट मला दिसत होते.

“किल्ली... आहे.”

“अगं बया!” त्यांची बायको हसायला लागली. “घरी तर ‘हाय’ म्हनत्यात. हितं आल्यावर बगा कसं!”

“छान,” मी म्हणाले. “अगदी छान.”

आणि खरंच ते छान होतं. वाचा परत आली होती, आणि तिच्याबरोबर समोरचा माणूस ओळखून शब्द निवडण्याचं भानही. त्यांनी मला ओळखलं होतं आणि माझ्यासाठी कष्टाने तो शब्द शोधला होता. यापेक्षा जास्त मान कोणी कोणाला देऊ शकत नाही. तरी टेबलावरची किल्ली उचलून मी उगाच मुठीत धरून राहिले.

ते निघाले. वरच्या खिडकीतून मी पाहिलं, फाटकाशी रिक्षा उभी होती. आबा आत बसले, डावा हात हवेत हलवत बायकोला काहीतरी सांगू लागले. बरंच लांब होतं ते सांगणं. काचेतून मला ऐकू येत नव्हतं. रिक्षा चांदणी चौकाच्या दिशेला वळली, तेव्हाही ते बोलतच होते.

बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. मी दार उघडलं आणि म्हणाले, “या, बसा.”