बिनकल्हईच्या पातेल्यातला आवळा

चूक माझी होती. ती मी बायकोच्या माथी मारली, आणि तीही तिच्या सख्ख्या भावासमोर.

बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा. मी पाथर्डीला शाळेत विज्ञान शिकवायचो. भाजीचं पान महाग झालं होतं. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी आणि मिरचीचा गोळा, एवढंच जेवण. वडिलांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर काळेनिळे डाग उठले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "क जीवनसत्त्व पोटात जात नाही. रोज आवळा द्या."

नगरहून मी पिशवीभर आवळे आणले. पण टँकरच्या गढूळ पाण्याची मला धास्ती, आणि तांब्याच्या भांड्यात जंतू मरतात यावर गाढ विश्वास. म्हणून फर्मान काढलं : आवळे तांब्याच्या पातेल्यात तासभर उकळायचे.

बायको म्हणाली, "अवं, कल्हईवाला दिवाळीपास्नं फिरकला न्हाई. उघड्या तांब्यात आंबट कळकतं, बाधतं."

"शास्त्र मला शिकवू नकोस."

"ठिवा तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. मामंजींना वकारी आली तर मी न्हाई निस्तरायची."

निस्तरलं तिनंच. वडील काढा प्यायचे आणि ओकायचे. पंधरा दिवसांत हिरड्या आणखी सुजल्या, दात हलू लागले. मी रोज चिडून विचारायचो, "नीट उकळलंस का?" अशातच तिचा भाऊ भेटायला आला. त्यानं वडिलांची चौकशी केली आणि माझं डोकं फिरलं. "तुमच्या बहिणीला सासरा जड झालाय. काढा मोरीत ओतत असेल, दुसरं काय!"

ती तिथंच चुलीपाशी भाकरी थापत होती. भाऊ चहा न घेताच उठला. "येतो, दाजी," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वडिलांना दवाखान्यात नेलं. काढ्याची सगळी हकिगत ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, लोखंड हवेनं गंजतं हे पोरांना शिकवता ना? आवळ्यातलं सत्त्वही हवेनंच जातं. उकळलं की लवकर, आणि तांबं असलं की त्याहून लवकर. ते सत्त्व स्वतः जळून शरीराला वाचवतं. तुम्ही ते चुलीवरच जाळलंत, वर म्हाताऱ्याला तांबं पाजलंत!"

घरी येऊन मी काय सांगावं? "डॉक्टरांनी औषध बदललंय. आता कच्चा आवळा किसून द्यायचा." ती म्हणाली, "व्हय." महिन्याभरात वडील भाकरी चावू लागले. मी मात्र धुसफुसतच होतो : डॉक्टरांनी आधीच नीट का सांगितलं नाही, कल्हईवाला कुठं मेला, दुष्काळ कधी सरणार. स्वतःला सोडून सगळ्यांवर राग.

पुढच्या राखीला तिचा भाऊ आला नाही. सकाळपासून तिनं ओवाळणीचं ताट करून ठेवलं होतं. दिवेलागणीला ते तिनं उचललं, तेव्हा मी म्हणालो, "उद्या तुझ्या भावाकडं जाऊ."

सकाळीच तिला घेऊन नेवाशाची एसटी धरली. तिचा भाऊ ओट्यावरच बसला होता. "या," म्हणाला, पण उठला नाही. मी उभ्यानंच बोललो. "काढा हिनं कधीच ओतला नाही. कल्हई नाही म्हणून हिनं बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. वडील माझ्या हट्टानं आजारी राहिले. खरं कळल्यावरही मी गप्प बसलो."

मग तिच्याकडे वळलो. "चुकलो मी. तुझ्यावर खोटा आळ घेतला. मला माफ कर."