चिमूटभर तांदूळ

नागपूरच्या विमानतळावर आईनं स्टीलच्या डब्यातून आणलेलं दही-साखर माझ्या तळहातावर ठेवलं. बाबा ट्रॉली धरून घाई करत होते. मी गंमतीत म्हटलं, "ओटी पण भरून टाक ना."

"बावळट! लग्न झालेल्या लेकीची भरतात. लग्न करून येजो, मग भरते. चिमूट परत घेईन, सांगून ठेवते."

हे चिमटीचं आमच्याकडचं. आत्या दिवाळीनंतर सासरी निघाली की आई तिची ओटी भरायची आणि लगेच त्यातलेच चिमूटभर तांदूळ उचलून आपल्या डब्यात टाकायची. दिलेलं काय परत घेतेस, कंजूष कुठली, असं मी चिडवायचे. "काहून म्हणजे? तिचे दाणे घरात राहिले की लेक परत येते," आई म्हणायची. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. इंजिनिअर ना मी!

ब्रिस्टलला विमानांचे पंख बनतात, तिथे माझी नोकरी. कॉव्हेंट्रीच्या मंडळात गणपतीला गेले आणि मोदकांच्या लाइनमध्ये रिया भेटली. तिचा जन्म इथलाच, मराठी अगदी धेडगुजरी. "तुझा आई किती छान बोलते!" असं पहिल्याच व्हिडिओ कॉलनंतर म्हणाली. आई हसून हसून दमली. पुढे मी आईला आमचं खरं सांगितलं तेव्हा तिनं उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाबांना इतक्यात सांगू नको बाप्पा."

लग्नाची नोटीस द्यायला आम्ही कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. रजिस्ट्रारबाई "काँग्रॅच्युलेशन्स, लेडीज" म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या जोडप्याला आत बोलावलं. झालं! एवढंच! बाहेरच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. तिकडे भारतात सुप्रीम कोर्टानं अशा लग्नाला नाही म्हटलं होतं. माझ्या नागपूरच्या मैत्रिणी 'रूममेट' म्हणून जन्म काढताहेत. त्यांच्यासाठी म्हणून मी त्या वर्षीच्या प्राइड मार्चमध्ये मराठी पाटी धरली: 'आमच्याही डोक्यावर अक्षता पडू द्या'. कुणीतरी फोटो काढला, आणि तो फिरत फिरत बाबांच्या फोनवर पोचला.

वर्षभर बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आईचा फोनही त्यांच्याच ताब्यात गेला.

आणि एका रविवारी अचानक त्यांचा व्हिडिओ कॉल. "कशी आहेस बेटा?" बेटा! बाबांनी मला उभ्या जन्मात बेटा म्हटलं नव्हतं. झालं गेलं विसरू म्हणाले. आईच्या हृदयाचं दुखणं निघालंय, ती तुझी आठवण काढते, ये एकदा. मी विरघळलेच हो. तुम्हीही विरघळला असता.

दर रविवारी फोन येऊ लागला. आई दिसायची नाही, 'औषध घेऊन झोपलीये'. मात्र बाबांच्या मागची भिंत प्रत्येक वेळी वेगळी दिसायची. आधी पोपडे खरवडलेले, मग पांढरा हात, मग पिवळा रंग. "घराला रंग काढलाय?" मी विचारलं. "सहज," ते म्हणाले. आमच्या घराला रंग एकदाच लागलेला मला आठवतो, काकाच्या लग्नात. पण मी विषय बदलून आईच्या औषधांची नावं विचारली. आई आजारी असताना भिंतींवर कसले संशय घ्यायचे?

मग तिकीट आलं. फक्त जायचं. "परतीचं बघू नंतर. आधी तू एकटी ये. आणि पासपोर्ट आल्या आल्या माझ्याकडे दे, लॉकरमध्ये ठेवतो."

रिया म्हणाली, "जाऊ नको. मला भीती वाटतो." मी तिच्यावर भडकले. माझी आई मरायला टेकलीये आणि तुला भीती कसली वाटते, असं नको ते बोलले. तेव्हा रियाची आई मध्ये पडली. काकू कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, आणि त्यांच्या भाच्याची मुंज पुण्याला होती. "मी तशीच पुढे नागपूरला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट बघते, मग ठरव." मंडळातल्या ओळखीच्या डॉक्टर म्हणून त्या आमच्या घरी गेल्या.

परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. दाराला नवं तोरण. हॉलमध्ये पाहुणे बसलेले, एक तिशीतला मुलगा, त्याचे आईवडील, मधोमध पेढ्यांचा बॉक्स. बाबांचं आगतस्वागत उतू जात होतं. रिपोर्ट मात्र 'लॅबमधून यायचेत'. काकू पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या, तर आई ओट्याशी उभी राहून पोहे परतत होती. ठणठणीत.

"तुम्ही रियाच्या आई ना? चेहरा तोच आहे." तिनं हळूच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डबा उघडला. काकूंच्या ओढणीत तिनं तांदूळ घातले, हळकुंडं, खोबऱ्याच्या दोन वाट्या, दोन खण. "दोघींचं आहे," म्हणाली. बाहेरून बाबांनी हाक मारली. काकूंनी माझ्याकडून ऐकलेली रीत म्हणून घाईघाईनं ओढणी पुढे केली, "वहिनी, चिमूट घ्या ना परत." आईनं त्यांचं मनगट धरलं.

"नको. तिला एवढंच सांगा, मी चिमूट घेतली नाही."

काकूंना रीत ठाऊक होती, पण चिमूट न घेण्याचा अर्थ कळला नव्हता. मला कळला. मी त्यांच्या किचनमध्ये फरशीवरच बसले आणि रिया मला धरून बसली.

बाबांसाठी थांबलेलं आमचं लग्न मग नव्यानं नोटीस देऊन झालं. कॉव्हेंट्रीहून दोन गाड्या भरून माणसं आली, रजिस्ट्रारबाईंनाही अक्षता टाकायला लावल्या. कॉव्हेंट्रीला परत निघताना काकूंनी आईच्याच तांदळांनी आम्हा दोघींच्या ओट्या भरल्या आणि दोन चिमटी आपल्या डब्यात टाकल्या. "आता दर सणाला यायचं," त्या दरडावून म्हणाल्या. तर माझं माहेर आता कॉव्हेंट्रीला आहे. तिथे माझे दाणे आहेत.

नागपूरच्या घरी नाहीत. मी यावं म्हणून जिनं आयुष्यभर वाट बघितली असती, तिनं मी येऊ नये म्हणून आपला हात आखडला. ते तांदूळ तिच्याकडून निघाले हे बाबांना कळलं का, कळल्यावर काय झालं, मला ठाऊक नाही. त्यांचा मेसेज अजून येतो, 'रंग छान वाळलाय बेटा, कधी येतेस?'

आईचा फोन बंद लागतो. रोज कामाला निघताना मी एकदा लावून बघते.