यूसुफभाईंच्या डोक्यावरचा समुद्र

आकडा अठ्ठावीस आला. मी काच पुसली, टाकीतल्या पाण्याचा नवा थेंब तिच्यावर टाकला, खिडकीच्या उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. अठ्ठावीसच.

मागच्या आठवड्यात मी ही टाकी पस्तीसवर सोडून गेले होते. समुद्राच्या हजार भाग पाण्यात साधारण पस्तीस भाग मीठ असतं. ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची, छोट्या दुर्बिणीसारखी नळी असते. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, म्हणून आकडा वाढला तर कुणी घाबरत नाही. कमी झाला तर मात्र घाबरायचं. मीठ आपल्या पायांनी बाहेर जात नाही, पाण्याबरोबर जातं.

मग पाणी कुठे गेलं होतं?

टाकी चारशे लिटरची. हैदराबादच्या काचीगुड्यात डॉ. मंगल काळे यांचा लहान मुलांचा दवाखाना आहे, पहिल्या मजल्यावर, तिथल्या वेटिंग हॉलमध्ये. बरोबर खाली यूसुफभाईंचं शिलाईचं दुकान. आणि दुकानाच्या भिंतीवर, यूसुफभाईंच्या डोक्याच्या हातभर वर, अख्ख्या बिल्डिंगचा मीटर बोर्ड. तिथे बोर्ड लावायची अक्कल कुणाची, ते घरमालकाला विचारा. समुद्राचं पाणी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वीज वाहून नेतं. यूसुफभाई दिवसभर त्या बोर्डाखाली मशीनच्या लोखंडी पायडलवर पाय ठेवून बसतात. माझ्या डोळ्यांसमोर आधी तो पाय आला.

ही टाकी माझ्या हट्टामुळे आली होती. कॉलेजपासून मी पत्रकं वाटायचे. शोभेचे बहुतेक समुद्री मासे समुद्रातून ओरबाडून आणलेले असतात, वाटेत मेलेल्यांचा हिशेब दुकानदार देत नाही, असं त्यात असायचं. आजही मी तेच म्हणते. अक्वेरियम बसवणाऱ्या आमच्या फर्मच्या प्रसाद सरांनी एकदा असं पत्रक वाचून मला बोलावलं. म्हणाले, ओरडतेस तर मासे न पकडता टाकी करून दाखव. मी समुद्रगवत सुचवलं. हे शेवाळ नव्हे. याला मुळं असतात, फुलं येतात, समुद्रातली कितीतरी पिल्लं त्यात लपून वाढतात. रीतसर परवानगी असलेल्या रोपवाटिकेतून आम्ही रोपं आणली. वीतभर जाड वाळू घातली, त्यात एकेक रोप बोटानं खोचलं. आता पाती तपकिरी पडत होती आणि गोगलगायी शंखांची दारं लावून तळाशी पडल्या होत्या.

डॉक्टर हॉस्पिटलच्या राउंडला होत्या. फोन लावला.

"डॉक्टर, पाणी बदलताय ना?"

"हौ, एक दिवसाआड. तू सांगितलंस तस्संच. दोन बादल्या काढते, दोन बादल्या खारं टाकते. कुणाला हात लावू देत नाही. का गं?"

"काही नाही. बघतेय."

म्हणजे त्यांचं बरोबर होतं. मग मी टाकीमागचा छोटा डबा पाहिला. त्यात साधं फिल्टरचं पाणी असतं. टाकीतली पातळी उतरली की एक पंप तेवढंच पाणी आपोआप भरतो. डबा तळाला गेला होता. टाकी कुठेतरी गळते आहे, पंप गुपचूप साधं पाणी भरतो आहे, म्हणून पातळी तीच आणि मीठ कमी. सगळं जुळत होतं. भीती वाटायला लागली की सगळं फार छान जुळतं.

मी खाली धावले. यूसुफभाई काज करत होते. बोर्डाच्या बाजूला भिंतीवर ओल होती, बशीपेक्षा मोठी. तिच्यावर पांढरी पावडर फुललेली. मी नखानं खरवडून जिभेला लावली. खारट.

"ये क्या कर रे बाई? दीवार कायको चाट रे?"

"भाई, मेन स्विच कुठाय? तिथून उठा आधी."

"वो दीवार तो कब की गीली है."

"उठा म्हणते ना."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ते उठले, टेप गळ्यातच. मी वायरमनला बोलावलं, त्यानं येऊन पूर्ण बिल्डिंगचा पुरवठा बंद केला. वर दवाखान्याचे पंखे थांबले आणि एक मूल रडायला लागलं.

सरांना फोन केला.

"लीक है तो खाली करो. बहस बाद में."

"सर, वाळू हलवली तर गवत जातं."

"आदमी जाना या घास जाना?"

मी फोन कानाला लावूनच जिना चढायला लागले.

"और सुनो," सर म्हणाले, "अगली बार सीधे मछली. एक मौका दिया था तुमको."

पेशंट जिन्यात बसवले. रिसेप्शनवरच्या स्वप्नानं मोबाइलचा टॉर्च धरला. रबरी नळीनं मी पाणी काढायला लागले आणि एका कोपऱ्यातलं गवत उपसायला घेतलं. जाड वाळूच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथे काळा थर धरतो आणि कुजल्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठतो. वाळू बसलेली असेपर्यंत तो मुकाट असतो. माझ्या हाताखाली तो फुटला. बंद हॉल, पंखे नाहीत. मी ओरडून खिडक्या उघडायला लावल्या. स्वप्नाला बाहेर पाठवलं. दर मिनिटाला वाटत होतं की एक थेंब आत्ता खाली पोचत असेल.

जिन्यातून यूसुफभाईंचा आवाज आला, "गटर फूटा क्या ऊपर?"

उपसलेलं गवत ठेवायला समुद्राचं पाणी हवं होतं. बाल्कनीत मी निळा ड्रम ठेवला होता, मीठ कालवून तयार केलेल्या पाण्याचा. बदलायचं पाणी त्यातूनच घ्यायचं होतं. तो अर्धा तरी रिकामा झाला असणार, आत ओढून आणू, म्हणून ओढला. ड्रम हलला नाही. झाकण काढलं. काठोकाठ.

तेवढ्यात डॉक्टर धापा टाकत वर आल्या.

"हे काय चाललंय गं, सायली? लाइट नाही, वास कसला?"

"डॉक्टर, हा ड्रम भरलेला कसा?"

"भरलेलाच असणार. त्याला कोण हात लावतंय?"

"मग टाकीत कुठलं पाणी टाकलंत?"

"खारं. बाथरूमच्या नळाचं."

"बाथरूमच्या?"

"मग खारं कुठं येतं? किचनला मंजिरा नदीचं मीठं येतं, पिण्याचं, बाथरूमला बोअरचं खारं. तूच म्हटलीस, मीठं बिलकुल टाकायचं नाही."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे समुद्र. डॉक्टरांचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं. इथे बोअरच्या जड पाण्याला खारं म्हणतात, ज्यानं साबणाला फेस येत नाही, आणि आमच्या गोड्या पाण्याला मीठं. दोघी मराठी. भेटल्या दिवशी हैदराबादेत मराठी बोलायला मिळालं म्हणून दोघींना भरतं आलं होतं. मी इंग्लिशमध्ये सॉल्ट मिक्स म्हटलं असतं तर ड्रम आज अर्धा झाला असता.

"ड्रम कशाला ठेवलाय, वाटलं तुम्हाला?"

"वाटलं स्पेअर असेल. इमर्जन्सीला."

टाकी गळत नव्हती. डबा उन्हाळ्यानं संपवला होता. मी नळी काढली, कोपऱ्यातलं गवत परत खोचलं. खाली सगळ्यांना सांगितलं, धोका नाही. जिन्यातली गर्दी पाच मिनिटांत पांगली, बघायला आलेले घरमालकही.

मग मला ती ओल आठवली. ती आमच्या टाकीची नव्हती, पण ओल तर होतीच. मीटर बोर्डाला टेकून होती. वायरमननं बोर्ड उघडून दाखवला, आतले स्क्रू गंजून फुगले होते. बाथरूमचा जुना पाइप झिरपत होता आणि ती पांढरी पावडर म्हणजे भिंतीचा लोणा, ओलीबरोबर बाहेर फुटणारा खारट क्षार.

घरमालकांना परत बोलावलं. ते म्हणाले, "टंकी लीक नहीं ना? फिर क्या परेशानी?"

"यूसुफभाई रोज त्याच्याखाली बसतात."

"बरसों से बैठ रे. कुछ हुआ?"

टाकी दोषी होती तोवर बिल्डिंगभर पळापळ. पाइप दोषी ठरला तसं सगळ्यांना जेवण आठवलं. मी वायरमनला सांगितलं, स्विच नाही लावायचा. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला आणि घरमालकाला फोनवर एवढंच म्हटलं, "बोर्ड हलल्याशिवाय मी भाडं देत नाही." दुसऱ्या दिवशी बोर्ड समोरच्या कोरड्या भिंतीवर गेला. पाइप अजून तसाच आहे. मी मागे लागलेय.

गवत अर्धं वाचलं. गोगलगायी दोन सोडून सगळ्या. नवीन पानं बारीक आहेत, पण हिरवी आहेत. मासे आणायची गोष्ट सर सध्या काढत नाहीत.

ड्रमवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मिठाचं पाणी'. याहून सोपं काय लिहिणार? पुढच्या वेळी गेले तर यूसुफभाई बाटली घेऊन ड्रमपाशी उभे. स्वप्नानं त्यांना वाचून दाखवलं होतं, मीठा पानी आहे, पिण्याचं.

आता ड्रमवर शब्द नाहीत. मी माशाचं चित्र काढलंय. टाकीत मासा नाही, मग ड्रमवर कसा, असं विचारायला जो येतो त्याला मी बसवून खारं म्हणजे कोणतं ते सांगते.