दुसऱ्या जोडीतला आवाज

कारखान्यात सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि कुणी तोंडावर म्हटलं की स्वारी मनातून खूश व्हायची. विजेच्या मोटारींचा कारखाना. हा शेवटच्या टेबलाशी उभा. पोलादी कांबीचं एक टोक फिरत्या मोटारीच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पास." नाहीतर लाल खडूची फुली. एकतीस वर्षं हेच काम. आवाज मोजणारी यंत्रं आली, बिघडली, कोपऱ्यात धूळ खात पडली. हा हलला नाही.

आणि अशा माणसानं पास केलेल्या अकरा मोटारींवर शेजारच्या टेबलावरच्या बाईनं फुल्या माराव्यात? तीस-बत्तिशीची बाई ती. चार वर्षांपूर्वी ह्यानंच हाताला धरून शिकवलेली! शनिवारी दुपारी साहेब अचानक फेरीला आले, फुल्या बघितल्या आणि दोघांना समोर उभं केलं. "बेअरिंगं कोरडी आहेत, बारीक फुसफुस येतेय," ती खालच्या आवाजात म्हणाली. ह्यानं अकराच्या अकरा परत ऐकल्या आणि फाडकन बोलून मोकळा झाला, "हिला भास होतात, साहेब. अशा कानाचं माणूस टेबलावर नको." बेअरिंग एकदा ठोकून बसवलं की मोडल्याशिवाय निघत नाही, कानसेनचा शब्द असताना ते मोडून बघणार कोण? साहेब म्हणाले, "सोमवारी तसं लेखी द्या. हिला पॅकिंगला टाकू."

पॅकिंग म्हणजे खोके चिकटवणं. शिकलेलं सगळं पाण्यात. रात्री अंथरुणावर तिची खाली घातलेली मान त्याला दोनतीनदा दिसली, नाही असं नाही. पण रविवारी स्पीकर येणार होते, म्हणून त्यानं मन तिकडे वळवलं.

स्पीकरचं खूळ जुनं. मागची खोली त्यानं त्यासाठी रिकामी केली होती. जाड सतरंजी, खिडकीला दुहेरी पडदा आणि बरोबर मधोमध एक खुर्ची. "आणि मी कुठे बसू? तुमच्या डोक्यावर?" असं बायकोनं विचारल्यावर दुसरी खुर्ची आली. जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर त्यानं स्वतः दोन वर्षं खपून बांधला होता. ताकद किती, तर आठ वॅट. आठ वॅटवर साधे स्पीकर नुसते कण्हतात. त्याला हवे होते जमिनीवर उभे राहणारे, छातीइतके उंच, चिमूटभर विजेत खोली भरून टाकणारे. एका वॅटवर, एका मीटरवरून किती डेसिबल, हा आकडा विचारून विचारून त्यानं दुकानदाराला भंडावून सोडलं होतं. शेवटी तो बिचारा दोन जोड्या टेंपोत घालून घरी घेऊन आला. एक नव्वदची, एक नव्याण्णवची. "दोन्ही ऐका, एक ठेवा. आणि माझी सुटका करा," तो हात जोडून म्हणाला.

नव्वदची जोडी बरी वाजली. बरी म्हणजे बरीच, त्यापुढे काही नाही. मग नव्याण्णवची लावली. वरच्या बाजूला कर्ण्यासारखं रुंद तोंड, खाली परातीएवढा पडदा. तारा जोडल्या, अॅम्प्लिफायर तापू दिला. गाणं अजून लावायचं होतं.

"गॅस चालू राहिला की काय?" बायको उठली. स्वयंपाकघरात जाऊन आली. "बंद आहे. पण अहो, फुसफुस येतेय."

"कसली फुसफुस?"

ती दाराशी थांबली, मान वळवली आणि सरळ कर्ण्याकडे बोट केलं. "ह्यातून."

"काहीतरीच! अगं, माझा अॅम्प्लिफायर मेलेल्यासारखा शांत आहे."

त्यानं दुकानदाराकडे बघितलं. दुकानदार तारेची गुंडाळी उगाचच पुन्हा गुंडाळत होता. "थोडी येतेच, साहेब," तो शेवटी म्हणाला. "स्पीकर इतका तिखट असला की अॅम्प्लिफायरचा श्वासही बाहेर काढतो. पहिल्या जोडीत दबला होता. मला वाटलं, तुमची हरकत नाही."

कानसेन गुडघ्यावर बसला. कान कर्ण्याच्या तोंडात घातला. काही नाही. दुसरा कान घातला. काही नाही. हे दोघं मिळून आपली चेष्टा करताहेत असं त्याला क्षणभर वाटलं, आणि तसं असावं अशी त्यानं मनापासून इच्छा केली.

"खिडकीच्या पडद्याकडे तोंड करून उभी राहा," तो बायकोला म्हणाला. दोन उशा आणल्या, एक दुकानदाराच्या हातात दिली. दोन्ही कर्ण्यांवर उशा दाबल्या.

"आवाज गेला," बायको म्हणाली.

अलगद काढल्या.

"आला."

पुन्हा दाबल्या. "गेला." मग त्यानं लबाडी केली. उशी नुसतीच हलवली, दाबली नाही.

"येतोच आहे की!"

बारा वेळा केलं. बारापैकी बारा. दुकानदाराची नजर जमिनीला खिळलेली. कानसेनच्या कपाळावर घाम आला होता. माणसाला भास एकदा होतो, दोनदा होतो. बारा वेळा बरोबर होत नाही.

बेअरिंग आधी फुसफुसतं, मग घरघरतं. हे तर त्याचंच वाक्य! नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. घरघर त्याला आजही पकडता यायची. पण फुसफुस शेवटची कधी ऐकली होती? ह्या वर्षी? गेल्या वर्षी? आठवेना. आणि ह्या सगळ्या काळात तो डोळे मिटून, ऐटीत, पास, पास, पास म्हणत होता.

"अहो, बसा जरा. पाणी देऊ?" बायको म्हणाली.

तो बसला नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यानं शेजारच्या टेबलावरच्या बाईला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत असताना ठेवून द्यावा असं दोनदा मनात आलं. त्याच्याशिवाय हे कारखान्यात कुणालाच माहीत नसणार. निवृत्तीला तीनच वर्षं राहिली होती. लेखी दिलं की विषय संपला.

"बोला काका," ती म्हणाली. आवाज रडून बसलेला.

"त्या अकरा मोटारी," तो म्हणाला. "तुझं बरोबर होतं. माझा कान गेलाय. आत्ताच कळलं."



"मला माहीत होतं, काका," ती हळूच म्हणाली. "चारचौघांत तुमचं उणं कशाला काढायचं म्हणून गप्प होते. आठ महिने तुमच्या पास केलेल्या मोटारी मी परत ऐकते. खराब निघाली की फुली मारायची, संध्याकाळी फिटरला विनवून बेअरिंग बदलून घ्यायचं आणि फुली पुसायची. शनिवारी साहेब आधीच आले, पुसायची राहिली."

"अगं, मग साहेबांसमोर का नाही बोललीस? मी तुला नाही नाही ते बोललो!"

"काय बोलणार? तुमचं नाव गेलं असतं."

कानसेनला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं. आतून बायको धावत आली, दुकानदार दारात येऊन उभा राहिला, तरी त्याला आवरता येईना.

"काका? काका, ऐकताय ना?"

"उद्या साहेबांकडे मी जाणार," तो नाक पुसत म्हणाला. "तू मध्ये एक शब्द बोलायचा नाहीस. आणि माझ्या टेबलावर उद्यापासून तू उभं राहायचंस."