नको म्हटलं तरी आलेली

शारजापासून खोर फक्कानपर्यंत आमच्या वन्संइतकं हट्टी माणूस आजवर झालं नाही आणि पुढं होणारही नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांच्या लगेच आधीची बहीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एकटी बाईमाणूस गल्फला निघाली म्हणून साताऱ्याकडचे नातेवाईक तोंडात बोटं घालत होते, तेव्हा ह्या शारजाला आल्या आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका इटालियन मार्बलवाल्याच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून चिकटल्या. पुढं त्यांनीच ह्यांना इकडं आणलं, नोकरीला लावलं, आणि मग ह्यांच्या मागोमाग मी आले. तिथं दगडाच्या लाद्यांची बिलं टाइप करता करता वन्संनी एक अजब विद्या कमावली. इटलीतल्या बायकांची नावं, ती कुठून आली आणि त्यांचा अर्थ काय. ही विद्या त्या कुणी विचारलं तर सांगायच्या आणि नाही विचारलं तर जास्तच सांगायच्या.

दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की वन्सं दारातच उभ्या. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकवाआधी तिच्याच नावाच्या अर्थाचं इटालियन नाव लागायचं. उषाताई आल्या की, "या, औरोरा!" विजया जोशीणबाई आल्या की, "व्हित्तोरिया, चपला इकडे काढा." गौरीची ब्यांका, आनंदीची लेतीत्सिया. बायका हरखून जायच्या. पण हे हरखणं तिळगूळ तोंडात असेपर्यंतच. एकदा एका हौशी बाईंनी सांगितलं, की त्यांच्या होणाऱ्या नातीचं नाव त्या क्लाउडिया ठेवणार आहेत, किती मॉडर्न वाटतं ना! वन्सं ताडकन म्हणाल्या, "लॅटिनमध्ये क्लाउडुस म्हणजे लंगडा. ठेवा खुशाल." बाईंचा चेहरा पडला. मग कुणीतरी बाजू सावरायला सेसिलिया सुचवलं. "ती आंधळी," वन्सं म्हणाल्या, "आणि उच्चार चेचीलिया." त्या वर्षी माझे वाणाचे स्टीलचे डबे निम्मे उरले.

पिझ्झा खायला त्यांना बरोबर न्यायची तर सोयच नव्हती. मार्गेरिता टेबलावर आली की आधी प्रवचन. मार्गेरिता म्हणजे मोती, मूळ शब्द ग्रीकांचा, आणि आपली मंजरी तिची लांबची बहीण लागते असं त्या ठासून सांगायच्या. खरं-खोटं तो देव जाणे. माझ्या थोरल्या लेकीनं एकदा बिचारीनं त्यावर केचप ओतला, तर वन्संनी तिचा हात वरच्या वर धरला. "इथल्या लोकांचे बापजादे मोत्यासाठी श्वास कोंडून समुद्राच्या तळाला जायचे, आणि तू त्याच्यावर केचप ओततेस?" लेक म्हणाली, "आत्या, इट्स जस्ट चीज!" शेजारच्या टेबलावरचं अख्खं कुटुंब आमच्याकडे बघत होतं. वन्संना त्याचं काय! त्यांनी त्या लोकांनाही मोत्याचा अर्थ सांगितला.

एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सकाळी त्यांनी आपल्या म्हाताऱ्या मालकाला फोन करून उठवलं. शंका अशी, की डोमेनिका म्हणजे रविवारची, देवाच्या वारी झालेली. पण इथं रविवारी तर आपण ऑफिसात असतो. मग अमिरातीत झालेली डोमेनिका शुक्रवारची धरायची की काय? म्हाताऱ्यानं काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण वन्संनी फोन ठेवताना "खलास! म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," असं म्हटलेलं मी ऐकलं. मार्बलचे कंटेनर खोर फक्कानच्या बंदरात उतरायचे, तर तिथं कागदपत्रं घेऊन गेल्या की जहाजावरच्या इटालियन खलाशांना ह्या पहिला प्रश्न विचारायच्या, "तुझ्या आईचं नाव काय?" दांडगे बाप्ये, महिनोन्महिने घराबाहेर असलेले. आईचं नाव घेताना त्यांचे डोळे भरून यायचे आणि ह्या आपल्या शांतपणे सांगायच्या, "अद्दोलोराता म्हणजे दुःखी. तुमच्या देवाच्या आईचं नाव आहे, पण माझं ऐक, लेकीला ठेवू नकोस."

बार्बारा मात्र त्यांचं फार लाडकं. बार्बारा म्हणजे परकी, जिचं बोलणं आपल्याला नुसतं बर्-बर् ऐकू येतं ती. "अगं, इथं आपण सगळ्याच बार्बारा," त्या मला म्हणायच्या. "अरबाला आपण बार्बारा, आपल्याला ती फिलिपिनो नर्स बार्बारा, आणि तुझ्या इंग्रजी फाडणाऱ्या लेकीला साताऱ्याची आजी बार्बारा. कुणी कुणाला हसायचं नाही."

आता हे वेड लागलं कशानं, ते सांगते. वन्सं आईबापांची तिसरी मुलगी. आमच्या सासरच्या भागात तिसरी-चौथी मुलगी झाली, की तिचं नाव नकुशी ठेवायचे. नकुशी म्हणजे नकोशी. नाव ऐकून देव म्हणे समजून घेतो आणि पुढच्या खेपेला मुलगा देतो. वन्संचं नाव नकुशी. शाळेच्या दाखल्यावर तेच, पासपोर्टवर तेच, आणि लेबर कार्डावर अरबीतसुद्धा तेच. आणि गंमत म्हणजे देवानं खरोखर समजून घेतलं, कारण पुढच्या खेपेला आमचे हे झाले. "तुझा नवरा म्हणजे माझ्या नावाला लागलेलं फळ आहे," वन्सं मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. "नीट वागव त्याला." हे शेजारी उभे राहून कान खाजवत होते.

नोकरीच्या मुलाखतीत मालकानं नावाचा अर्थ विचारला, तेव्हा वन्संनी काही आडपडदा ठेवला नाही. म्हातारा म्हणाला, की त्याच्या एका मावशीचं नाव उल्तिमा होतं. उल्तिमा म्हणजे शेवटची. आजोबांना मुली पुरे झाल्या होत्या, म्हणून नावातच ठणकावून सांगितलं. "आणि मग?" वन्संनी विचारलं. "मग आणखी दोन मावश्या झाल्या," म्हातारा म्हणाला आणि पोट धरून हसला. वन्सं हसल्या नाहीत. तिकडंही आपल्यासारखेच शहाणे आहेत, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्या दिवसापासून त्या प्रत्येक नावाला कॉलर धरून विचारायला लागल्या, की तू कुठून आलीस आणि तुला कुणी बोलावलं होतं.

नाव बदलून घ्या, असं त्यांना सांगणारे काही कमी नव्हते. एक स्थळ तर अगदी ठरत आलं होतं. मुलगा दुबईतच इंजिनिअर, माणसं चांगली. बैठकीत मुलाची आई गोड आवाजात म्हणाली, "नावाचं मनावर घेऊ नका, लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहायचंच असतं. आम्ही सुहासिनी लिहू." झालं! वन्सं उठून उभ्या राहिल्या. "तांदूळ घरी न्या आणि भात करून खा," म्हणाल्या, आणि लग्न मोडलं. मी रागावले, हे रागावले. तेव्हा त्या मला एकटीला म्हणाल्या, "अगं, मी नाव बदललं की ज्यांनी ठेवलं ते सुटले. सगळं गोड गोड झालं. मी का म्हणून सोडू त्यांना?" आणि पुढं कुणी अर्थ विचारलाच, तर त्यांनी स्वतःच एक अर्थ तयार करून ठेवला होता. "नकुशी म्हणजे नको म्हटलं तरी आलेली," त्या मान ताठ करून सांगायच्या. इंग्रजीत सांगताना तर आणखी ताठ.

दोन हजार सालच्या आसपास मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि बाळंतपणासाठी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. दुसरीही मुलगीच झाली. सासूबाईंनी नातीला आंघोळ घातली, शेक दिला, माझं सगळं मायेनं केलं, त्यात काही खोट नाही. पण बारशाची बोलणी निघाली, तेव्हा चहाची बशी खाली ठेवत त्या सहज म्हणाल्या, "हिचंबी नकुशीच ठिवा. तवा गुण आला व्हता."

वन्सं तिथंच बसून लसूण सोलत होत्या. मला वाटलं, आता भूकंप. पण त्या पुढची पाकळी सोलायला लागल्या. मला ते भांडणापेक्षा भयंकर वाटलं. हे बाल्कनीत जाऊन उभे राहिले, कारण पुरुषांना अशा वेळी बाल्कनी बरी आठवते. मी उठून म्हणाले, "सासूबाई, माझ्या लेकीला हे नाव लागणार नाही." त्या म्हणाल्या, "नाव ठिवायचा मान आत्याचा. तिचं ती बघंल." म्हणजे सगळं वन्संवर आलं. माझी लेक कुणाला हवी आहे की नको, हे आता त्या ठरवणार होत्या. मी दोनदा विचारलं, तर म्हणाल्या, "बारशाला ऐक."

बारशाच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. छताला हूक मारायची वॉचमनची परवानगी नाही, म्हणून स्टँडचा पाळणा शेजाऱ्यांकडून आणला होता. औरोरा, व्हित्तोरिया, ब्यांका सगळ्या नटून आल्या होत्या. क्लाउडियावाल्या बाईसुद्धा आल्या, आणि आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत असते म्हणून मुद्दाम पुढं जागा धरून बसल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. वन्सं पाळण्यात वाकल्या. सासूबाई सोफ्यावर पदर सावरून बसल्या होत्या.

"कुर्रर्र," वन्सं म्हणाल्या, आणि मग अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात, "बेनवेनुता!"

धपाट्यांचा पाऊस पडला. सगळ्यात जोरात कुणी घातले ते सांगायला नको. पाठ चोळत वन्सं सरळ झाल्या आणि भाषण दिलं, पण आजवरचं सगळ्यात लहान. "इटलीतलं जुनं नाव आहे. बेने म्हणजे बरं, वेनुता म्हणजे आलेली. आलीस ते बरं झालं, बये, असा अर्थ." मग आईकडे वळून म्हणाल्या, "आई, ही कुणाला वाट करून द्यायला आलेली नाही. ही स्वतःची स्वतः आलीय. गुण येऊ दे नाहीतर न येऊ दे."

मी तर तिथंच रडायला लागले. माझी थोरली म्हणाली, "कॅन आय कॉल हर बेनू?" आणि तेच नाव आजतागायत घरात चालतं. पोरगी शाळेत कुणी हसलं, तर आत्यासारखीच मान ताठ करून अर्थ सांगते.

बायका घुगऱ्या खायला बसल्या, तरी सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. "तुला राग हाय माझ्यावर," त्या वन्संना म्हणाल्या.

"आहे."

"म्या न्हाय ठिवलं ग ते नाव. माझ्या सासूनं ठिवलं. मी आत बाजंवर पडल्याली. मला कुणी इचारलं?"

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "पण घरात कुणी नसताना तरी मला वेगळ्या नावानं हाक मारायची होतीस. एकदा तरी." इतकी वर्षं मी ह्या बाईला ओळखते, पण तिचा आवाज असा बारीक झालेला कधी ऐकला नव्हता.

सासूबाई हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "हिकडं ये. वाक जरा. कान कर." वन्सं गेल्या आणि सोफ्याशी जमिनीवर बसल्या, केस पिकायला लागलेलं डोकं आईच्या गुडघ्याशी. सासूबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं, बाळासाठी करतात तसं "कुर्रर्र" केलं आणि चाचपडत म्हणाल्या, "बेन... बेन्नुता."

सासूबाईंना जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळं कानातलं बोलणंसुद्धा सगळ्या हॉलला ऐकू गेलं. रीतीप्रमाणे पाठीत धपाटा घालायचा, तर कुणाचा हात उठेना, क्लाउडियावाल्या बाईंचासुद्धा. मी नुसता हात ठेवला वन्संच्या पाठीवर.

"असं नाही," वन्सं डोळे मिटून म्हणाल्या. "बेन-वे-नुता. नीट म्हण."

"बेनवेन्ता."

"चूक. परत म्हण."

बिचाऱ्या सासूबाई म्हणत राहिल्या आणि वन्सं दर वेळी काहीतरी खोट काढत राहिल्या. शेवटी एकदा म्हातारीनं ते नाव अगदी लख्ख, अस्सल इटालियन बाईसारखं म्हटलं. वन्संनी डोळे उघडले नाहीत.

"नाही जमलं अजून," त्या म्हणाल्या. "परत म्हण."