उपकेंद्राची ओवाळणी

मी नूर मोहम्मद. सावली गावात माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. माईक, भोंगे, खुर्च्या, कूलर, सारं भेटते. लग्न असो, नाटक असो, उरूस असो का आमदाराची सभा, वायर मलेच ओढा लागते. सभा तं इतक्या ऐकल्या का भाषण सुरू झालं का मले झोप येते अन् टाळ्या वाजल्या का जाग येते. पण मैनाबाई माईकसमोर आली का मी डोळे उघडे ठेवतो. ती बाई कधी काय बोलन, नेम नाई.

मैनाबाई चक तेंदुळीची. नदीपल्याड, जंगलाच्या अंगाले गाव. ढिवराची बाई. नवरा मनसाराम तलावात जाळं टाकते, अन् ही टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव मासोऱ्या विकते. आवाज असा का तिले माईक देणं म्हणजे माझ्या भोंग्यावर जुलूम. किती शिकली म्हणून विचारलं तं म्हणे, "शाळेच्या भिंतीपर्यंत." पण ग्रामसभेले पह्यली हजर. माणसं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसतात, अन् ही उभी राहून एकच विचारते, "उपकेंद्र कवा येते?"

उपकेंद्र म्हणजे नर्सबाई राहते ते. गोळ्या, सुया, बाळंतपण. आमच्याकडं कोणी त्याच्यामांगं 'आरोग्य' लावत नाई. नुसतं उपकेंद्र म्हटलं का झालं. इथीच तं सारी भानगड झाली.

तिले ते काऊन पायजे होतं, तेही सांगतो. सून रंभा पह्यल्या खेपेले गरोदर होती. दिवस भरत आले म्हणून दवाखान्यात नेलं, तं "अजून वेळ आहे" म्हणून घरी पाठवलं. घरी आली, नाल्याले पूर आला, अन् कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टरवर खाट टाकून नेत होते. नाल्याच्या अलीकडंच बाळ झालं अन् गेलं. मैनाबाईनं ते पदरात गुंडाळून परत आणलं. ही गोष्ट ती कोणाले सांगत नाई, मले मनसारामनं सांगितली. तवापासून बाईनं उपकेंद्र धरलं ते सोडलंच नाई.

मंग ऐन उन्हाळ्यात आमदारभाऊचा जनसंवाद आला. चक तेंदुळीच्या शाळेसमोर माझा मंडप, भाऊच्या दोन्ही बाजूनं माझे कूलर. मैनाबाईनं निवेदकाच्या हातचा माईक हिसकला अन् ओरडली, "भाऊ, आमच्या गावाले उपकेंद्र पायजे!"

इतकं म्हटलं अन् लाइन गेली. माईक मेला, कूलर मेले. पब्लिक उठून ओरडाले लागली, "पायजे! पायजे!" भाऊनं रुमालानं मान पुसली, बंद पडलेल्या कूलरकडं पाह्यलं, अन् विनामाईकचेच ओरडले, "समजलं! मी स्वतः भोगतो आहे! तुमचं उपकेंद्र मंजूर समजा!"

मले तवाच खटकलं होतं का हा माणूस कूलरकडं पाहून काऊन बोलून राह्यला. पण आमचं कोण ऐकते? अन् मी जनरेटरची दोरी ओढून ओढून मेलो होतो.

वर्ष सरता सरता तालुक्याले भाऊच्या कामाचा लेखाजोखा झाला. तीन भाग: आरोग्य, शिक्षण अन् लोकसहभाग. आरोग्यात शिबिरं. शिक्षणात, ज्या शाळेत लाइन राहत नाई तिथी बसवलेला डिजिटल फळा. लोकसहभागात म्हणजे भाऊ कोणाकोणाच्या लग्नाले गेले ते फोटो. मधातच निवेदक गरजला, "चक तेंदुळीच्या माता-भगिनींच्या मागणीवरून उपकेंद्र मंजूर!" मैनाबाई खुर्चीवर उभी होऊन नाचली. माझी खुर्ची मोडली. दुसरं कोणी असतं तं मी त्याची आयमाय काढली असती. पण तिले हसताना मी पह्यल्यांदाच पाहून राह्यलो होतो, मोडकी खुर्ची उचलून बाजूले ठेवली.

गावानं गोठाणाजवळची जागा दिली. बायकांनी झुडपं तोडली, दगड वेचले, शेणानं सारवलं. नर्सबाईले सावली पायजे म्हणून कडुनिंबाचं झाड लावलं. मंग ट्रक आला. ट्रकातून उतरले लोखंडी खांब, भला मोठा ट्रान्सफॉर्मर, जाळीचं कुंपण, अन् खोपडीची लाल पाटी, 'धोका'.

मैनाबाई इंजिनेराजवळ गेली. "साहेब, नर्सबाई कुठी बसन?"

"कोणीच बसू नका बाई. हात लागला तर जागेवर खलास."

बाप्पा! मंग बाईनं ज्या शिव्या देल्ल्या, त्या सांगाची सोय नाई. विजेचंही उपकेंद्रच राहते, हे त्या बिचाऱ्या गावाले कोण सांगणार होतं? भाऊनं मागितलं ते देल्लं होतं. मागणी पूर्ण! तक्रार तरी कशाची कराची?

इकडं रंभाले पुन्हा दिवस गेले होते. दिवस भरणार होते राखीच्या आगंमांगं, नाला भरून वाहते तवा. पोरगी रोज कुंपणाजवळून पाण्याले जाये अन् खोपडी पाहून तोंड फिरवे. मले वाटलं मैनाबाई आता भाऊच्या हापिसात जाऊन राडा करन. ती आली माझ्या दुकानात. टोपलं खाली ठेवलं अन् म्हणे, "नूरभाऊ, तुमी मंडप टाकता तिथी ते पांढरी गाडी उभी राहते, लाल लाइटवाली. ते कोणासाठी?"

"आमदार येते म्हणून. त्याले नाईतं पब्लिकमंधी कोणाले चक्कर आली तं. डॉक्टरही राहते."

"अन् रस्त्यात नाला असला तं?"

"मुरूम टाकतेत, पाइप टाकतेत. भाऊची गाडी का पोहत जाईन?"

बाईनं टोपलं बाजूले सारलं. मंग पदर खोचला. "तं त्या खोपडीचं उद्घाटन करू."

उद्घाटन खरं तं दिवाळीनंतर होतं. मैनाबाई गावच्या बायका घेऊन भाऊच्या हापिसात गेली अन् गोड आवाजात म्हणे, "भाऊ, तुमी उपकेंद्र देल्लं, आमी भरून पावलो. आता राखीलेच या. गावच्या साऱ्या बहिणी तुमाले राखी बांधतीन." भाऊच्या पीएले तं तिथंच फोटो दिसाले लागले. तारीख पक्की झाली. ज्या नाल्यावर पूल मागून गाव थकलं होतं, त्याच्यावर दोन दिवसांत पाइप पडले, मुरूम पडला. मी वायर टाकता टाकता पाहून राह्यलो होतो अन् माझं डोस्कं फिरून राह्यलं होतं.

राखीचा दिवस. मंडपावर पाऊस. पांढरी गाडी उभी, तिच्यात नवीनच लागलेली डॉक्टरीण. मैनाबाईनं रंभाले शिकवून ठेवलं होतं, "मी खोकली का पोट धर अन् ओरड. तुले गाडीत घालतो अन् भरती करूनच येतो." भाऊच्या हाताले कोपरापर्यंत राख्या. मैनाबाई खोकली. रंभा ओरडली नाई. पुन्हा खोकली. रंभा हळूच म्हणे, "माय, डोस्कं फुटून राह्यलं. डोळ्यांपुढं अंधार येते."

डॉक्टरीण धावली. दंडाले पट्टी बांधून बीपी पाह्यलं अन् तिचाच चेहरा उतरला. "यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. आई अन् बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे."

बंदोबस्ताचा साहेब आडवा झाला. "आमदारसाहेब इथं आहेत तोवर गाडी हलणार नाही. मला वरून हुकूम आहे. भाषण संपलं की न्या."

अन् भाऊ तवा बोलत काय होते? "या मतदारसंघात एकही माता उपचाराविना राहणार नाही!" लोक टाळ्या वाजवून राह्यले होते. मले अशी चीड आली का वाटलं, मेन स्वीचच पाडावा.

पण मैनाबाई स्टेजवर चढली. मी धावलो, दुसरा माईक तिच्या हातात देल्ला अन् आवाजाचं बटन होतं तितकं फिरवलं.

"भाऊ, राखी बांधली. ओवाळणी नाई टाकली तुमी."

भाऊ हसले, खिशात हात घातला, नोट काढली. फोटोवाले समोर सरकले.

"नोट नाई पायजे. ते गाडी पायजे. माही सून मरून राह्यली."

भाऊच्या हातात नोट, तोंडावर अर्धं हसू, अन् समोर पब्लिकचे सारे मोबाइल उभे. भाऊनं बंदोबस्ताच्या साहेबाकडं पाह्यलं अन् खेकसले, "अरे, सोडा ना गाडी! काय माणसं आहात!"

गाडी गेली. मैनाबाई अनवाणीच तिच्यात बसून गेली. संध्याकाळी मनसारामचा फोन आला: पोटाचं ऑपरेशन झालं, पोट्टी झाली, मायलेकी दोघी बऱ्या आहेत. मी खुर्च्या एकावर एक लावता लावता रडलो.

यंदाच्या लेखाजोख्यातही माझाच माईक होता. आरोग्याच्या भागात पह्यलाच मोठा फोटो: भाऊ, रंभा, तिच्या कडेवर पोट्टी, अन् मांगं खोपडीची पाटी. निवेदक म्हणे, "चक तेंदुळी उपकेंद्राच्या लोकार्पणादिवशीच सुरक्षित प्रसूती!" टाळ्या. घ्या! विजेचं उपकेंद्र आरोग्यात भरती झालं. आता मैनाबाईनं ग्रामसभेत तोंड उघडलं का ग्रामसेवक म्हणते, "बाई, तुमच्या गावात उपकेंद्र आहे ना, भाऊनं सांगितलं." नाल्यावरचा मुरूम तं त्याच पावसात वाहून गेला.

सभा सुटली तशी गावातली बुधरी मैनाबाईजवळ आली. नवी सून आहे, पोट दिसाले लागलं आहे. हळूच म्हणे, "मावशी, माहे दिवस पोळ्याच्या आगंमांगं भरतात. आता कायचं उद्घाटन आहे?"

मैनाबाईनं माझ्याकडं पाह्यलं. मी वायर गुंडाळता गुंडाळता आठवून पाह्यलं. पाण्याची टाकी झाली, सभामंडप झाला, शाळेचा फळा तं दोनदा झाला. "बाई, सारं होऊन गेलं. गावात काहीच उरलं नाई."

"काऊन नाई?" मैनाबाई म्हणे. "मसनघाटाचं शेड राह्यलं ना. तेच मागू. पोळ्याच्या आधी बांधाले लावू, उद्घाटन पोळ्याले."

बुधरीनं पोटावर हात ठेवला.

"चालन," म्हणे.